वेबसाइटवर नको तिथे येणारी जागा आणि विस्कटलेली मांडणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातले क्लासचालक, राम मारुती रोडवरचे दुकानदार, घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांचे सचिव, वागळे इस्टेटमधले लघुउद्योजक, नेरुळ-बेलापूरचे सल्लागार अशी अनेक मंडळी आपली वेबसाइट आता स्वतःच सांभाळतात. कुणाची वर्डप्रेसवर एलिमेंटॉर (पानांची मांडणी करायचं प्लगइन) लावून केलेली असते, कुणाची विक्स किंवा स्क्वेअरस्पेसवर. आमच्याकडे येणारी तक्रार मात्र फिरून फिरून एकच असते : ‘मध्येच गॅप येतोय, जात नाही.’

गॅप आपोआप पडत नाही. तो पानावरच्या कुठल्या तरी एका घटकाचा असतो. तो घटक सापडेपर्यंत काहीही सरकवू नका, एवढा आग्रह आम्ही प्रत्येकाकडे धरतो. खालची उत्तरं त्याच शोधासाठी आहेत. गुणधर्मांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये टाइप करताना ती रोमन अक्षरांतच लिहावी लागतात.

पानावर गॅप दिसतोय. सुरुवात कुठून करू?

लॅपटॉपवर क्रोममध्ये पान उघडा, गॅपच्या जवळ उजवं क्लिक करा आणि ‘इन्स्पेक्ट’ निवडा. बाजूला कोडची खिडकी उघडते. त्या कोडच्या ओळींवरून माउस फिरवला की पानावर तो तो घटक रंगतो. निळा भाग म्हणजे मजकूर किंवा चित्र, हिरवा म्हणजे पॅडिंग (घटकाच्या आतली जागा), नारिंगी म्हणजे मार्जिन (घटकाबाहेरची जागा). गॅपवर ज्या ओळीमुळे हिरवा किंवा नारिंगी रंग चढतो, तिथे तुमचा घटक सापडला.

मग त्याच खिडकीतल्या ‘कम्प्युटेड’ भागात जा. तिथे एकात एक बसवलेल्या चौकटींचं चित्र असतं आणि चारही बाजूंचे आकडे दिसतात. ‘वर ६०, खाली ०’ असं दिसलं की कोणत्या बाजूचा आकडा कमी करायचा हे उघड होतं.

गॅपवर हिरवा किंवा नारिंगी रंग चढलाच नाही, तर तीन शक्यता तपासा : तिथे रिकामा परिच्छेद आहे, चित्राच्या आतच कोरी जागा आहे, किंवा घटकाला ठरावीक उंची देऊन ठेवली आहे आणि आतला मजकूर तेवढा नाही. ठरावीक उंचीचा प्रकार विभागांच्या ‘मिनिमम हाइट’मध्ये नेहमी सापडतो. तयार टेम्प्लेट घेताना त्यात ६००-७०० पिक्सेल उंची आधीच भरलेली असते आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

इन्स्पेक्टमध्ये आकडे बदलले तर साइट बिघडेल का?

नाही. ते बदल फक्त तुमच्या पडद्यावर होतात. पान रिफ्रेश केलं की सगळं पूर्ववत. म्हणून तिथे बिनधास्त प्रयोग करा आणि योग्य आकडा सापडला की मगच तो सॉफ्टवेअरमध्ये भरा.

मार्जिन आणि पॅडिंग यांत नेमका फरक काय?

खोलीत भिंतीपासून सामानापर्यंत सोडलेली जागा म्हणजे पॅडिंग. एका इमारतीपासून शेजारच्या इमारतीपर्यंतची मोकळी जागा म्हणजे मार्जिन. ओळखायची खूण सोपी आहे : घटकाला तात्पुरता गडद पार्श्वरंग द्या. रंग गॅपमध्ये पसरला तर ते पॅडिंग, गॅप कोराच राहिला तर मार्जिन किंवा भलताच कुणीतरी.

वरच्या मजकुराला खाली ३० आणि खालच्याला वर २० दिलं. मध्ये ५० ऐवजी ३०च का दिसतं?

उभ्या दिशेची लगतची मार्जिनं एकमेकांत मिसळतात आणि त्यांतलं मोठं तेवढं उरतं. हा सीएसएसचा, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा नियम आहे, बिघाड नाही. परिच्छेदांमधलं अंतर दुप्पट होऊ नये म्हणून तो मुद्दाम तसा ठेवला आहे.

हाच नियम फ्लेक्स आणि ग्रिड (घटक ओळींत किंवा रकान्यांत बसवणाऱ्या) मांडणीत लागू होत नाही. तिथे ३० आणि २० मिळून ५० होतात. एलिमेंटॉरचे जुने सेक्शन-कॉलम काढून नवे कंटेनर केले की ‘काहीच बदललं नाही तरी अंतरं वाढली’ असं जे वाटतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. अशा वेळी आतल्या घटकांची मार्जिनं शून्य करा आणि कंटेनरच्या ‘गॅप’मध्ये एकच आकडा द्या. पुढे कधी अंतर बदलायचं झालं तर एकाच ठिकाणी बदलावं लागेल.

हेडर आणि त्याखालचा रंगीत पट्टा यांच्यात पांढरी फट आहे. दोघांचंही मार्जिन शून्य आहे!

पट्ट्याच्या आतलं पहिलं शीर्षक तपासा. त्याचं वरचं मार्जिन पट्ट्यातून बाहेर निसटतं आणि फट पट्ट्याच्या वर दिसते. हा त्याच मिसळण्याच्या नियमाचा दुसरा चेहरा. शीर्षकाचं वरचं मार्जिन शून्य करून तेवढंच पॅडिंग पट्ट्याला द्या. कोड लिहिता येत असेल तर पट्ट्याला ‘डिस्प्ले : फ्लो-रूट’ दिलं तरी चालतं.

ब्राउझरचे स्वतःचे आकडेही लक्षात असू द्या. बॉडीला (अख्ख्या पानाच्या चौकटीला) चारही बाजूंनी ८ पिक्सेल मार्जिन, यादीला डावीकडे ४० पिक्सेल पॅडिंग, फिगर या घटकाला दोन्ही बाजूंना ४० पिक्सेल मार्जिन, हे कुणी न सांगता मिळतं. बहुतेक थीम हे आकडे पुसून स्वतःचे लावतात, पण हाताने लिहिलेल्या साध्या पानावर ते तसेच राहतात.

वर्डप्रेसमध्ये लॉगिन असताना पानाच्या माथ्यावर जागा दिसते.

ती अ‍ॅडमिन पट्टीची जागा आहे : रुंद पडद्यावर ३२ पिक्सेल, ७८२ पिक्सेल किंवा त्याहून अरुंद पडद्यावर ४६. ग्राहकाला ती दिसत नाही. खात्री हवी असेल तर इन्कॉग्निटो खिडकीत पान उघडा.

फोटोखाली चार-पाच पिक्सेलची बारीक फट राहते.

ब्राउझर चित्राला ओळीतल्या अक्षरासारखं वागवतो आणि अक्षरांच्या खाली उतरणाऱ्या भागासाठी थोडी जागा सोडतो. चित्राला ‘डिस्प्ले : ब्लॉक’ द्या, फट जाते.

लोगोभोवतीची मोठी जागा हा मात्र वेगळा विषय. छपाईवाल्याने कोरल ड्रॉमध्ये केलेला लोगो अख्ख्या कागदासकट पीएनजी करून दिलेला असतो आणि त्याची पार्श्वभूमी पारदर्शक असल्यामुळे कोरी जागा नजरेला दिसत नाही. मग हेडर जाडजूड होतो, लोगो बारीक दिसतो आणि बिचारी थीम बदलली जाते. फाइल कडेकडेने क्रॉप करा. छपाईवाल्याकडे मूळ व्हेक्टर फाइल असेल तर तिची एसव्हीजी मागून घ्या. तीही लोगोच्या कडेला घट्ट कापलेली हवी.

मोबाइलवर पान आडवं सरकतं आणि उजवीकडे पांढरा पट्टा येतो.

हा दोष सगळ्यांत आधी काढा. ठाणे–वाशी लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने मोबाइल बघणाऱ्या माणसाला अंगठ्याच्या प्रत्येक हालचालीला डुलणारं पान वाचवत नाही. तो ते बंद करतो.

पडद्याच्या रुंदीबाहेर गेलेला एखादा घटक अख्ख्या पानाला आपल्यासोबत ओढत असतो. तो शोधण्यासाठी इन्स्पेक्टमध्ये सर्व घटकांना एक पिक्सेलची लाल आउटलाइन द्या, मोबाइल दृश्य चालू करा आणि पान खालीपर्यंत बघत जा. जी लाल चौकट कडेबाहेर गेली असेल ती तुमची. बॉर्डर देऊ नका, आउटलाइनच द्या. बॉर्डर जागा व्यापते आणि मांडणी आणखी हलते.

आम्हाला नेहमी सापडणारे घटक असे. ‘आमचा पत्ता’ पानावरचा गुगल मॅप : त्याचा एम्बेड कोड सहसा ६०० पिक्सेल रुंदीचा असतो, तिथे ६०० ऐवजी १०० टक्के लिहा. वाशी-तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या पानांवरचे दरपत्रकाचे तक्ते : सात-आठ रकाने फोनवर मावणारच नाहीत, म्हणून फक्त तक्त्याभोवती एक चौकट घालून तिला ‘ओव्हरफ्लो-एक्स : ऑटो’ द्या, म्हणजे तक्ता आडवा सरकेल आणि पान जागेवर राहील. लांबलचक लिंक किंवा ईमेल : ‘ओव्हरफ्लो-रॅप : एनीव्हेअर’ दिल्यावर ती मध्ये तुटते. उजवीकडून सरकत येणाऱ्या अ‍ॅनिमेशनचे घटक : ते सुरुवातीला पडद्याबाहेरच उभे असतात.

लॅपटॉपवर किंचितसं आडवं सरकत असेल तर ‘१०० व्हीडब्ल्यू’ (खिडकीची पूर्ण रुंदी) शोधा. या मापात उभ्या स्क्रोलबारची जागाही धरली जाते. विंडोजवर ती साधारण १५ ते १७ पिक्सेल असते आणि तेवढंच पान बाहेर जातं. तिथे १०० टक्के लिहा.

‘बॉडीला ओव्हरफ्लो हिडन द्या’ हा सल्ला जिकडेतिकडे मिळतो. त्याने दोष झाकला जातो, आणि तोच ओव्हरफ्लो एखाद्या मधल्या चौकटीला दिला तर तिच्या आतला वर चिकटून राहणारा मेनू चिकटायचा थांबतो. झाकावंच लागलं तर हिडनऐवजी ‘क्लिप’ वापरा. पण आधी घटक शोधा.

मराठी शीर्षकांच्या वेलांट्या, रफार कापले जातात. उकार खालच्या ओळीला टेकतात.

हा प्रश्न आपल्याला अगदी जिव्हाळ्याचा वाटतो. थीम आणि टेम्प्लेट तयार होतात ती रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. ‘गुरू’ आणि त्याखालच्या ओळीत ‘कीर्ती’ असं काही आलं की १.१ किंवा १.२ ची लाइन-हाइट (ओळीची उंची) पुरतच नाही. शीर्षकांना १.३ ते १.४ आणि मजकुराला १.६ ते १.८ ठेवून बघा. आकडा बिनएकक, म्हणजे नुसता १.४ असा लिहा. २४ पिक्सेल असं लिहिलंत तर अक्षर मोठं केल्यावर ओळींचं अंतर तेवढंच राहतं आणि पुन्हा टक्कर होते.

लाइन-हाइट वाढवूनही डोकं कापलं जात असेल तर शीर्षकाच्या चौकटीला ठरावीक उंची किंवा ‘ओव्हरफ्लो : हिडन’ आहे का बघा. बटणांमध्ये आणि स्लायडरमध्ये हे हमखास असतं.

लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा. इंग्रजी शीर्षकांना दोन पिक्सेल दिले की रुबाबदार दिसतात; मराठीत शिरोरेषा अक्षरागणिक तुटते आणि शब्द सुटे पडतात. थीममध्ये मेनू आणि बटणांना ते आधीच दिलेलं असतं, म्हणून तिथे आवर्जून तपासा. परिच्छेद दोन्ही कडांना जुळवून घेणंही टाळा. मोबाइलच्या अरुंद ओळीत मराठीचे लांब शब्द मावत नाहीत आणि उरलेल्या शब्दांमध्ये भगदाडं पडतात. डावीकडे जुळवलेला मजकूर फोनवर सरस वाचला जातो.

एकच पान माझ्या लॅपटॉपवर नीट दिसतं, पण पार्टनरच्या फोनवर ओळी वाढतात आणि बटण खाली जातं.

थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर प्रत्येक उपकरण स्वतःचा फॉन्ट घेतं. विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर साधारणपणे नोटो, अ‍ॅपलवर कोहिनूर किंवा संगम. प्रत्येकाची रुंदी आणि उंची वेगळी, म्हणून ओळ वेगळ्या ठिकाणी तुटते. एकाच ओळीत इंग्रजी आणि मराठी शब्द आले तर दोन फॉन्ट शेजारी बसतात आणि ओळींमधलं अंतरही खालीवर होतं.

देवनागरी असलेला वेबफॉन्ट ठरवून लावा. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ आणि ‘बालू’, इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘पॉपिन्स’ आणि ‘हिंद’, शिवाय ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हे सगळे गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवत असाल तर देवनागरी संच डाउनलोड केलाय ना, हे पाहा. पुष्कळदा फक्त लॅटिन संच चढवलेला असतो. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी ठेवा. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात. पानाची भाषा मराठी सांगितली असेल तरच ते उमटतात.

वर्ड किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून मजकूर चिकटवला की अंतरं बिघडतात.

मजकुरासोबत मूळ ठिकाणचे फॉन्ट, आकार, रिकामे परिच्छेद आणि न तुटणाऱ्या स्पेस येतात. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबून साधा मजकूर चिकटवा आणि सजावट साइटवरच करा. जुना मजकूर श्री-लिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर अगम्य अक्षरं उमटतात.

पत्त्यात ‘सेक्टर’ एका ओळीत आणि ‘१७’ पुढच्या ओळीत जातं.

नवी मुंबईचा पत्ता म्हणजे प्लॉट, सेक्टर, नोड. आकडा सुटला की पत्ता वाचणारा अडखळतो. वर जी न तुटणारी स्पेस शत्रू होती ती इथे कामाची. ‘सेक्टर’ आणि ‘१७’, ‘₹’ आणि रक्कम, ‘डॉ.’ आणि नाव यांच्यामध्ये ती घाला. फोन नंबरला ‘व्हाइट-स्पेस : नोरॅप’ द्या.

एलिमेंटॉरमध्ये मी काहीच दिलेलं नाही, तरी जागा येते.

त्याची स्वतःची अंतरं असतात : दोन विजेट्सच्या मध्ये २० पिक्सेल, कंटेनरच्या आत १० पिक्सेल पॅडिंग. कंटेनरमध्ये कंटेनर, त्यात आणखी कंटेनर असे तीन थर झाले की कडेने ३० पिक्सेल जमा झालेले असतात. साइट सेटिंग्जच्या लेआउट भागात हे आकडे एकदाच बदलता येतात. प्रत्येक पानावर झगडू नका.

मार्जिनच्या चार आकड्यांशेजारी साखळीचं चिन्ह असतं. ते जोडलेलं असेल तर एक आकडा टाकल्यावर चारही बदलतात. ‘खाली ४० दिले तर डावीकडेही सरकलं’ याचं उत्तर त्या साखळीत आहे.

आणि उपकरणाचं चिन्ह बघून मगच आकडा भरा. मोबाइलसाठी (मूळ सेटिंगप्रमाणे ७६७ पिक्सेलपर्यंत) वेगळा आकडा भरलेला असेल तर संगणकावरचा बदल फोनवर पोहोचत नाही. स्क्वेअरस्पेसच्या फ्लुइड इंजिनमध्येही संगणकावर २४ रकान्यांची जाळी असते आणि मोबाइलवर ८ रकान्यांची. दोन्हीकडची मांडणी वेगवेगळी तपासावी लागते.

जागा वाढवायला एन्टर मारले तर काय बिघडतं? आणि कमी करायला उणे मार्जिन?

एन्टर मारून केलेली जागा फॉन्टच्या आकारावर ठरते, म्हणून प्रत्येक पडद्यावर निराळी. वर्डप्रेसचा स्पेसर त्यापेक्षा बरा, तरी मार्जिनच योग्य.

उणे मार्जिन आम्ही शेवटचा उपाय मानतो. चित्र मुद्दाम पट्ट्यावर चढवायचं असेल तर ते हवंच. पण नको असलेली फट बुजवायला उणे ४० दिलं, की मूळचे ४० तिथेच राहतात. पुढे कुणी थीम अद्ययावत केली आणि मूळचे ४० गेले, की मजकूर फोटोवर चढतो. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर सुरू असताना बटण फोटोखाली गेलं तर ग्राहक फोन करून विचारत बसत नाही.

आकडा बदलला, सेव्ह केला, पण साइटवर फरक नाही.

कॅशे, म्हणजे साठवून ठेवलेली पानाची जुनी प्रत. आधी इन्कॉग्निटोमध्ये पाहा. तिथेही जुनंच असेल तर कॅशे प्लगइन रिकामं करा, मग होस्टिंगचं कॅशे आणि क्लाउडफ्लेअर असेल तर त्याचं. एलिमेंटॉरच्या ‘टूल्स’मध्ये सीएसएस फाइल्स नव्याने तयार करण्याचं बटण आहे, तेही दाबा. इतकं करूनही फरक नसेल तर इन्स्पेक्टमध्ये तुमचा आकडा काट मारलेला दिसतोय का पाहा. दिसला तर त्याहून वरचढ दुसरा नियम तिथे लागू आहे.

पान उघडताना मजकूर अचानक खाली उडी मारतो.

फोटो उतरेपर्यंत ब्राउझरला त्याची उंची माहीत नसते, म्हणून तो आल्यावर खालचं सगळं ढकललं जातं. चित्राला रुंदी आणि उंची दोन्ही द्या. जाहिराती आणि व्हिडिओसाठी जागा आधीच राखून ठेवा. फॉन्ट उशिरा येणं हेही एक कारण. गुगल हे सरकणं सीएलएस या मापाने मोजतं, ०.१ किंवा त्याहून कमी असेल तर चांगलं, ०.२५ च्या वर वाईट. पेजस्पीड इनसाइट्सवर आपला आकडा फुकट बघता येतो.

पहिला मोठा फोटो फोनवर पडद्याखाली जातो.

‘१०० व्हीएच’ (पडद्याची पूर्ण उंची) हे माप मोबाइल ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीचा विचार करत नाही. त्याऐवजी ‘१०० एसव्हीएच’ वापरा. २०२२ अखेरपासून सर्व प्रमुख ब्राउझर ते समजतात.

मेनूतून ‘फी’वर क्लिक केलं की शीर्षक चिकटलेल्या हेडरखाली लपतं.

त्या शीर्षकाला ‘स्क्रोल-मार्जिन-टॉप’ द्या, हेडरच्या उंचीएवढं.

फुटरच्याही खाली पांढरी पट्टी उरते.

पानावरचा मजकूर कमी असेल तर ते साहजिक आहे. मुख्य चौकटीला पडद्याएवढी किमान उंची देऊन फुटर तळाला ढकला. मजकूर भरपूर असूनही पट्टी असेल तर शेवटी जोडलेल्या स्क्रिप्ट तपासा. चॅटचं बटण किंवा जाहिरातींचा माग ठेवणारा कोड एक अदृश्य चित्र वा रिकामी फ्रेम फुटरनंतर सोडून जातो.

एवढं करूनही सुटलं नाही. मदत मागताना काय पाठवू?

पानाची लिंक, गॅपवर गोल केलेला पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट, फोन आणि ब्राउझरचं नाव, आणि दोष दिसण्याआधी शेवटचं काय बदललं होतं ते. थीम, प्लगइन, फॉन्ट, काहीही. कापलेला स्क्रीनशॉट नको, कारण दोषाचं मूळ बऱ्याचदा कापलेल्या भागात असतं. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. आधी बॅकअप घ्या, मग मदत करणाऱ्यासाठी वेगळं तात्पुरतं खातं उघडा आणि काम झालं की ते काढून टाका.